'शांत' नावाचा फोटो

आमच्या घरात बैठकीच्या खोलीतून आत जाताना डाव्या हाताच्या भिंतीवर एका काळ्या मेंढीचा फोटो बरीच वर्षे टांगलेला आहे. सासवडहून जेजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रानात, बाजरीची कापणी होऊन गेल्यावर, नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी तो काढला होता. मेंढी कळपापासून थोडी बाजूला उभी आहे. तिची मान किंचित खाली झुकली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, कान मागे वळले आहेत आणि पाठीवरच्या लोकरीच्या टोकांवरचे दव अजून सुकलेले नाही. मी त्या फोटोला 'शांत' असे नाव दिले. एका छोट्या प्रदर्शनात तो लागला तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कुणी तिला ध्यानस्थ म्हटले, कुणाला तिच्यात आपली आजी दिसली. मलाही त्या चेहऱ्यावर समाधानच दिसत होते.

अशा काळ्या, दख्खनी जातीच्या मेंढीचा फोटो काढणे तसे अवघड काम आहे. समोरचे सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे कॅमेऱ्याचे मीटर गृहीत धरते. त्यामुळे चौकट काळ्या मेंढीने भरली की कॅमेरा आपणहून प्रकाश वाढवतो आणि लोकर राखेसारखी उतरते. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, एखादा स्टॉप खाली आणावे लागते, ऊन तिरपे असताना काम उरकावे लागते आणि मेंढीच्या उंचीइतके खाली, म्हणजे मातीतच, बसावे लागते. एवढे केले की त्या काळ्या रंगात किती रंग दडलेले असतात ते दिसू लागते. मुळाशी गडद काळी असलेली लोकर टोकाला उन्हाने करपून तांबूस झालेली असते, मध्येच एखादा पांढरा केस चमकतो, पोटाखाली गोखरू आणि कुसळे अडकलेली असतात. 'शांत' काढताना हे सगळे मला नेमके साधले होते आणि त्याचाच मला अभिमान होता.

पुढच्या वर्षी त्या फोटोची एक प्रत घेऊन मी पुन्हा त्याच रानात गेले. फिरस्त्या धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला त्यांचा मुक्काम, शोधणे सोपे नसते. पण ज्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची, त्याच्याशी त्यांचे वर्षानुवर्षांचे नाते असते, आणि पीक निघाले की त्याच सुमारास वाडा त्याच बांधावर उतरतो. तसाच तो उतरला होता. वाघरीच्या जाळ्यात कोकरे कोंडली होती, दोन घोड्या बांधाला चरत होत्या आणि चुलीपाशी त्या वाड्यातल्या मावशी बसल्या होत्या. फोटो हातात घेऊन त्यांनी तो उन्हाकडे धरला, क्षणभर पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हिचा पाय दुखत हुता तवा. पुढचा डावा. त्या साली लई पाऊस झाला, खूर सडलं हुतं हिचं. बघा की, सगळा भार दुसऱ्या पायावर टाकलाय." मी पाहिले. डावा पाय धसकटांच्या आड जमिनीपासून जेमतेम दोन बोटे उचललेला होता. वर्षभर भिंतीवर रोज पाहिलेल्या माझ्याच फोटोतला तो पाय मला एकदाही दिसला नव्हता.

त्या दिवशी घरी परत येताना मला आपण काहीतरी चोरून आणल्यासारखे वाटत होते. मेंढीच्या दुखण्याला मी सुंदर म्हटले होते, त्याला चौकट घातली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले तेव्हा ते आनंदाने स्वीकारले होते. हा अपराध मोठा नसेल, पण तो माझा होता. त्यानंतर मी मेंढीच्या चेहऱ्याविषयी जे मिळेल ते वाचायला लागले. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मेंढीच्या वेदनेचे मोजमाप तिच्या चेहऱ्यावरून करण्याची एक पद्धत मांडली आहे. मेंढी हे सावज असलेले जनावर आहे. दुखणे उघड दाखवले तर लांडग्याची नजर प्रथम तिच्यावर पडणार, म्हणून ती ते लपवते. तरीही चेहरा पूर्णपणे लपवता येत नाही. वेदना असली की डोळे बारीक होतात, गालाचे स्नायू आवळले जातात, नाकपुड्यांचा आकार बदलतो, ओठ आणि जबड्याची रेषा ताठरते आणि कान मागे वळतात. विशेष म्हणजे ही पद्धत बसवताना त्यांनी खूर सडलेल्या मेंढ्यांचे फोटोच अभ्यासले होते. ती यादी वाचताना मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होते आणि एकेक खूण जुळत होती. ज्याला मी ध्यान समजले होते ती वेदना होती, आणि शास्त्रज्ञांनी इतक्या मेहनतीने जे लिहून काढले ते मावशींनी चुलीपाशी बसून एका दृष्टिक्षेपात वाचले होते.

मावशींनी आणखी एक गोष्ट केली होती, जी माझ्या लक्षात जरा उशिरा आली. दीड-दोनशे मेंढरांच्या खांडातली ती नेमकी कोणती मेंढी आहे हे त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले होते. आपल्याला सगळी मेंढरे सारखी दिसतात. 'मेंढरासारखे मागे जाणे' हा वाक्प्रचार आपण माणसांना हिणवण्यासाठी वापरतो आणि मेंढीला स्वतःची बुद्धी नसते असे त्यातून नकळत मान्य करून टाकतो. इंग्लंडमधल्या बाब्रहॅम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. एक मेंढी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते आणि ते दोन वर्षांपर्यंत विसरत नाही, असे त्यांना आढळले. ओळखीच्या माणसाचा चेहराही ती लक्षात ठेवते. म्हणजे मी ज्या जनावरासमोर लेन्स रोखून बसत होते ते मला पाहत होते, तोलत होते, आणि कदाचित पुढच्या वर्षासाठी लक्षातही ठेवत होते.

मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. ती मान खाली घालून चरत असताना डोळा खोबणीत असा फिरतो की बाहुली जमिनीला समांतरच राहते, म्हणून चरतानाही तिला चहूबाजूंचे क्षितिज दिसत राहते. अगदी पाठीमागचा अरुंद पट्टा तेवढा तिच्या नजरेआड असतो. त्यामुळे मागून जाणाऱ्या माणसाची तिला सर्वांत जास्त भीती वाटते, आणि मोठी काळी लेन्स थेट तिच्या तोंडासमोर आली तरी ती बिथरते. मी आता बाजूने जाते, थांबत थांबत जाते, आणि चरणाऱ्या मेंढीने मान वर उचलून माझ्याकडे पाहिले की तिथेच बसते. चरणे पुन्हा सुरू झाले तरच कॅमेरा उचलायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

या नियमामागे एक प्रसंग आहे. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेलेल्या आमच्या गटाला परतीच्या वाटेवर संध्याकाळी एक मोठा कळप दिसला. सूर्य कळपाच्या मागे होता आणि खुरांची धूळ सोनेरी झाली होती. आमच्यापैकी एकाने मेंढपाळाला दोनशे रुपये देऊ केले आणि धूळ चांगली उडावी म्हणून मेंढरे पुन्हा एकदा पळवायला सांगितली. तो पोरगेलासा मुलगा होता. त्याने पैशांकडे पाहिले, काठी उगारून मेंढरे पळवली, आणि मग आणखी एकदा पळवली. कळपात पोट खाली आलेल्या गाभण मेंढ्या होत्या. दिवसभर चालून आलेल्या त्या मेंढ्या तोंडे उघडून धापा टाकत होत्या. मीही त्या रांगेत उभी राहून फोटो काढले. ते फोटो मी नंतर पुसून टाकले, पण म्हणून मेंढरांचे पळणे काही पुसले गेले नाही.

लोकर कातरणे मी पहिल्यांदा पाहिले ते याच मावशींच्या वाड्यावर, पावसाळा सरल्यानंतर. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. आदल्या दिवशी मेंढरे ओढ्यात धुऊन काढली होती. सकाळी ऊन तापायच्या आत कातरणारी माणसे आली, झाडाखाली ताडपत्री अंथरली गेली आणि एकेक मेंढी आडवी पाडून, तिचे पाय एकत्र बांधून काम सुरू झाले. बांधलेली मेंढी सुरुवातीला झटापट करते, मग एकदम निपचित होते. हे निपचित होणे म्हणजे शांत होणे असे समजण्याची चूक मी आता करणार नव्हते. त्या माणसांना दर मेंढीमागे मजुरी मिळत होती, त्यामुळे जो भरभर कातरेल त्याची कमाई जास्त. त्यांच्यातल्या तरुणाची कातर सपासप चालत होती, आणि तासाभरात त्याने कातरलेल्या चार मेंढ्यांच्या बगलेला आणि पोटाखाली लाल रेघा उमटल्या होत्या. त्याच्या शेजारी बसलेले म्हातारेबाबा डाव्या हाताने कातडी ताणून धरत, तळव्याने लोकरीखालचे हाड चाचपत आणि मगच कातरीचे पाते तिथून नेत. तेवढ्या वेळात त्यांच्या दोनच मेंढ्या झाल्या होत्या आणि दोन्हींच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

जिथे कापले होते तिथे मावशींनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून चोळला. खंडोबाचा, बिरोबाचा तो भंडारा म्हणजे शेवटी हळदच. देवाला वाहायचे आणि जखमेला लावायचे एकच. बाणाईसाठी खंडोबा मेंढरे राखायला राहिला असे जेजुरीच्या परिसरात सांगतात, तेव्हा देवालाही हे काम येत असावे असे मला त्या पिवळ्या बोटांकडे पाहून वाटले. मग पाय सुटले, आणि लोकर उतरलेली, अचानक बारीक आणि लहान दिसू लागलेली मेंढी उठून कळपाकडे धावली. तिचे कोकरू समोर आले, तिच्याकडे पाहून थबकले आणि मागे सरकले. रूपाने त्याला आई ओळखू येत नव्हती. ती हंबरली, ते हंबरले, मग त्याने जवळ येऊन वास घेतला आणि गुडघे टेकून कासेला तोंड लावले. कातरण्यावर मत बनवायचे असेल तर ते त्या तरुणाच्या मेंढ्या पाहून बनवावे की म्हाताऱ्या बाबांच्या, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे.

लोकर वापरणेच सोडून द्यावे असे म्हणणाऱ्यांची तळमळ मला कळते. पण मेंढीपुरते पाहिले तर न कातरणे हा काही दयेचा मार्ग नाही. रानमेंढ्यांची लोकर ऋतू बदलला की आपोआप गळते. माणसाने हजारो वर्षे निवड करून जी मेंढी घडवली तिची ती गळती थांबली, आणि मऊ लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या मेरिनो जातीची तर पूर्णच थांबली. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ कळपातून भरकटलेला एक मेरिनो मेंढा सापडला. त्याला ख्रिस असे नाव दिले गेले. त्याच्या अंगावरून ४१ किलोंहून अधिक लोकर निघाली. त्या ओझ्याखाली त्याला धड चालताही येत नव्हते. आपणच तिच्या अंगावर हे ओझे वाढवले आहे, तेव्हा ते उतरवण्याची जबाबदारीही आपलीच आहे, आणि ती कशी पार पाडतो हा खरा विचार करण्याचा भाग आहे.

हा विचार मला माझ्याच कपाटापर्यंत घेऊन आला. हिमालयातल्या पदभ्रमणासाठी मी मेरिनोचा एक अंगालगतचा सदरा घेतला होता. तो मऊ, हलका आणि टोचत नाही. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की तो कातडीला टोचतो. चांगल्या मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्याही खाली असतो, तर आपल्या दख्खनीचा त्याहून कितीतरी जाड. पण हा मऊपणा ज्या मेंढीकडून येतो तिच्या कातडीला, जास्त लोकर मिळावी म्हणून केलेल्या निवडीमुळे, सुरकुत्या आल्या. शेपटीखालच्या सुरकुत्यांत ओल आणि मल साचतो, तिथे माशी अंडी घालते, आणि अळ्या मेंढीला जिवंतपणी खातात. त्यावर उपाय म्हणून कोकराच्या शेपटीभोवतीच्या कातडीच्या पट्ट्या कातरीने कापून काढायच्या, म्हणजे तिथे लोकर न येणारा गुळगुळीत वण तयार होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या जॉन म्युल्स यांच्या नावावरून या प्रकाराला म्युलसिंग म्हणतात. पिढ्यान्पिढ्या हे काम कोकराला भूल किंवा वेदनाशामक न देताच होत आले. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून त्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ते अजून चालते, जरी वेदनाशामक वापरणारे आणि सुरकुत्या नसलेल्या मेंढ्यांची पैदास करून ही गरजच संपवणारे पशुपालकही तिथे आहेत. माझ्या सदऱ्याच्या पट्टीवर '१०० टक्के मेरिनो' एवढेच लिहिले होते. ते कोकरू कोणत्या बाजूचे होते हे त्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता. पुढची खरेदी करताना मी म्युलसिंगमुक्त असा स्पष्ट उल्लेख शोधला. तो असलेला माल महाग होता, आणि ती किंमत मला योग्य वाटली.

इकडे दख्खनी मेंढीचे दुखणे अगदी उलट आहे. मेरिनोची लोकर इतकी मोलाची की तिच्यासाठी मेंढीचे कातडे बदलले, आणि आमच्या मेंढीच्या लोकरीला मोलच उरले नाही. एका मेंढीची वर्षाकाठी किलोभरही भरत नाही अशी ती राठ, आखूड, काळी लोकर. कातरण्याची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, असे कोणत्याही वाड्यावर ऐकायला मिळते. त्या दिवशी कातरलेली लोकर पोत्यांत भरली गेली तेव्हा मी मावशींच्या मालकांना, म्हणजे मामांना, ती कुठे जाणार असे विचारले. ते म्हणाले, "कोन न्हेतंय आता? आला सनगर तर देऊ. न्हाय तर हाय की बांधाला." सनगर म्हणजे घोंगड्या विणणारा, आणि बांधाला म्हणजे बांधावर टाकून देणे. तरीही कातरावे लागतेच, कारण न कातरलेल्या अंगात गोचीड माजतात, कुसळे आत शिरून कातडीला रुततात आणि उन्हात जनावर तगमगते. लोकरीतून काही मिळत नसताना जो खर्च करायचा तो माणूस उरकून टाकतो. तरुणाची सपासप चालणारी कातर आणि चार मेंढ्यांच्या अंगावरच्या लाल रेघा या त्या उरकण्यातून आल्या होत्या. त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही.

म्हणूनच अनेक वाड्यांत आता जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढरे दिसू लागली आहेत. ती उंच, तांबड्या-पांढऱ्या रंगाची, पोपटासारख्या बाकदार नाकाची असतात. मांस भरपूर आणि कातरण्याची कटकट जवळजवळ नाही. फोटोत ती फार देखणी दिसतात हेही खरे. मामांच्या खांडातही तीन आहेत. पण लांबचा पल्ला चालणे, दुष्काळात काट्याकुट्यांवर तग धरणे, पावसात भिजत उभे राहणे यासाठी काळ्या मेंढीसारखी मेंढी नाही असे तेच सांगतात.

मी त्या वर्षी सनगराकडून जावळाची घोंगडी विणून घेतली. कोकराच्या अंगावरून पहिल्यांदा उतरलेली लोकर ती जावळ, आणि काळ्या लोकरीत सर्वांत मऊ तीच. त्यासाठी लोकर पिंजली गेली, घरातल्या बायकांनी सूत काढले, ताण्याला चिंचोक्यांची खळ दिली गेली आणि खड्ड्यातल्या मागावर ती विणली गेली. नवी घोंगडी उघडली तेव्हा खोलीभर ओल्या मेंढीचा आणि खळीचा वास पसरला. ती मऊ असली तरी मानेला थोडी टोचतेच. मात्र तिच्यातली लोकर म्हाताऱ्या बाबांनी कातरलेल्या कोकरांची आहे, हे मला माहीत आहे; कारण मी ती वेगळ्या पोत्यात भरून घेतली होती आणि त्यांना दर मेंढीमागे नव्हे, दिवसाची मजुरी दिली होती. एका घोंगडीने कोणाचा संसार चालत नाही हे मला कळते. पण त्या दिवशी बाबांना घाई नव्हती.

'शांत' अजून भिंतीवर आहे. खालची नावाची चिठ्ठी मी काढून टाकली. मामांचा धाकटा मुलगा बारावीनंतर वाड्याबरोबरच फिरतो. गेल्या दोन हंगामांत त्याने माझ्या कॅमेऱ्याला एक वेगळेच काम लावले आहे. जंतांमुळे मेंढीच्या अंगातले रक्त कमी झाले की खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. म्हणून तो एका अंगठ्याने मेंढीची पापणी खाली ओढतो, मी सावलीत फ्लॅश न वापरता खरा रंग उतरेल असा फोटो काढते, आणि तो माझ्याकडून फोनवर घेऊन पशुवैद्यांना पाठवतो. मग खुरांचे फोटो, मग हिरड्यांचे. मामा मेंढी धरून उभे असतात आणि तिच्या कानामागे खाजवत राहतात. यंदाच्या दिवाळीनंतर आम्ही एकतीस पापण्यांचे फोटो काढले. त्यांपैकी चार फिक्या होत्या, त्या मेंढ्यांना त्याच संध्याकाळी औषध पाजले. पाय दुखत असलेली ती मेंढी आता म्हातारी झाली आहे, दात झिजले आहेत आणि ती कळपाच्या मागे मागे राहते. तिची पापणी लालसर निघाली. फोटो पाहून डॉक्टरांनी कळवले की हिला काही देऊ नका, ही चांगली आहे.